बातमी आली कुठून?

चर्चच्या मंडळीत सगळे तिला भिंगताई म्हणत. दिवसभर प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची आणि बाहेरही तिची नजर तशीच असायची. आजारी माणसांच्या घरी भेटी द्यायच्या सेवेची जबाबदारी तीन वर्षं तिच्याकडेच होती.

सोमवारी औषधाच्या दुकानात मंडळीतल्या शिंपीकाकांची सून काउंटरवर होती. भिंगताईने सहज विचारलं, "काकांचा पाय कसा आहे?"

"पाय? तो कधीच बरा झाला. घरभर फिरतात. दारांना धडकतात, ते वेगळं. विचारलं की म्हणतात, तुझी दारंच आडवी येतात."

भिंगताई चक्रावली. गेले नऊ रविवार पाळकसाहेब उपासनेत सांगत होते, "शिंपीकाकांचा पाय हळूहळू सुधारतो आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या." मग ही बातमी येत कुठून होती?

पाळकसाहेब म्हणाले, "मला पोस्टमनदादा सांगतात."

निवृत्त पोस्टमनदादा म्हणाले, "मी कुठला जातोय? मला ऑर्गनवाल्या बाईंनी सांगितलं."

ऑर्गनवाल्या बाई हसल्याच. "अगं, मला कोण सांगणार? दर रविवारी पाळकसाहेबच सांगतात की!"

भिंगताईलाही हसू आलं. बातमी नऊ आठवडे गोल गोल फिरत होती आणि काकांचं दार कुणीच वाजवलं नव्हतं. पण कधीतरी कुणीतरी ती सोडलीच असणार. तिने भेटींची वही काढली आणि मागे मागे जात नऊ आठवड्यांपूर्वीच्या, काकांच्या एकमेव नोंदीवर थांबली. 'भेट झाली. पाय सुधारतोय.' अक्षर तिचंच होतं. त्या दिवशी उशीर झाला म्हणून तिने नुसता फोन केला होता. सून घाईत "सुधारतोय" म्हणाली आणि हिने 'भेट' लिहून टाकलं.

ती तडक काकांकडे गेली. दार उघडून, हातभर अंतरावरून काकांनी विचारलं, "कोण?"

"काका, मी."

"भिंग होय! ये. तुम्ही पायाचा एवढा पिच्छा पुरवलात की तो बिचारा लाजून बरा झाला. डोळ्यांचं कुणाला सांगू?"

"सुनेला का नाही सांगितलंत?"

"ती दोन दोन पाळ्या करते. म्हटलं, मंडळीतलं कुणी येईल, त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जाऊ. येईलच की कुणीतरी."

"काका, मी येऊन गेले असं वहीत लिहिलंय. मी आले नव्हते."

काका सदऱ्याची शिवण चाचपत राहिले. मग म्हणाले, "गिऱ्हाईक न बघता माप लिहिणाऱ्याला मी त्याच दिवशी दुकानातून काढला असता. चल, माझ्या चपला शोध."

डॉक्टरांनी तपासलं. उजवा डोळा शस्त्रक्रियेने वाचेल. डाव्याची गेलेली नजर परत यायची नाही. दोन महिने आधी यायला हवं होतं.

शनिवारी पाळकसाहेबांनी समजूत काढली. "उद्या पायाऐवजी डोळे म्हणू. उगाच बोभाटा कशाला? तुझ्या हातची सेवा जाईल."

"गेली तर जाऊ दे. चूक कुठून शिरली ते उघड झालं नाही, तर ती तिथूनच पुन्हा शिरेल."

रविवारी तिने उभं राहून सगळं सांगितलं, डाव्या डोळ्यासकट, आणि वही पाळकसाहेबांच्या पुढे ठेवली. "काम कुणाला द्यायचं ते मंडळीने ठरवावं."

पोस्टमनदादा खाकरले. "वही तिच्याकडेच असू द्या. पण ती गेली की नाही, ते दर आठवड्याला मी आजाऱ्यालाच विचारणार. आणि गुरुवारी शिंप्याकडे मी जातो. लिही माझं नाव."

भिंगताईने पेन उचललं आणि पुन्हा टोपण लावलं.

"आधी जाऊन या, दादा. मग लिहिते."