धुतलेली काठवट

घासता घासता मनगटाला कळ लागली, तरी बिलकीसनं हातातला काथ्या सोडला नाही. काठवटीच्या तळाला आणि कडांना तो करडा थर असा काही चिकटून बसला होता, की लाकडातूनच उगवला असावा असं वाटत होतं. तिनं उकळतं पाणी ओतलं, साबणाची पूड टाकली, जरा मुरू दिलं आणि पुन्हा घासायला बसली. शेवटी थराचे पोपडे सुटले आणि खालून गोरंपान लाकूड दिसू लागलं, तेव्हा तिला मनापासून बरं वाटलं. या मुलखात आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या हातून काहीतरी धड काम झालं होतं.

तिनं काठवट मागच्या ओट्यावर उन्हात पालथी घातली. समोर फुजैराचा समुद्र, पाठीमागे गवताची काडीही नसलेले डोंगर, आणि मध्ये हे गेस्टहाऊस. नाव ‘लुमी’, म्हणजे फिनलंडच्या भाषेत बर्फ. या उन्हात बर्फाचं नाव ठेवणाऱ्या माणसांना काय म्हणावं? मालकीण हेल्वी मॅडम सामान आणायला दुबईला गेली होती आणि बिलकीसचा नवरा अजीज, इथला कुक, मासळी बाजारात. दोघं यायच्या आत किचन लख्ख करून ठेवायचं, असा बिलकीसचा बेत होता.

बेत करायला तसं कारणही होतं. लग्नाला वीस वर्षं होत आली, पण त्यातला संसार किती? अजीज आखातात, बिलकीस हर्णैला. दोन वर्षांनी दोन महिने तो यायचा, अत्तराच्या बाटल्या आणि जाड ब्लँकेटं वाटायचा, आणि घरात त्याच्या चपलांची सवय होते न होते तोच निघायचा. सासू-सासऱ्यांची दुखणी, शाहबाजची शाळा, कौलं उतरवून स्लॅब घालणं, सगळं बिलकीसनं एकटीनं निभावलं. मग म्हातारी माणसं अल्लाला प्यारी झाली, शाहबाज कॉलेजसाठी रत्नागिरीच्या हॉस्टेलात गेला, आणि त्या नव्याकोऱ्या स्लॅबखाली तिला एकटीला झोप येईना. तेव्हा तिनं आयुष्यात पहिल्यांदा हट्ट धरला. मनाबी न्या, म्हणाली.

कुकच्या पगारावर बायकोचा व्हिसा होत नसे. अजीजनं मॅडमच्या कानावर घातलं. मॅडम म्हणाली, दोन महिन्यांच्या व्हिजिटवर आण. इथलं झाडणं-पुसणं, चादरी-टॉवेल जमतात का बघू. जमलं तर गेस्टहाऊसच्या नावावर व्हिसा काढू. म्हणजे उरलेलं आयुष्य नवऱ्याजवळ की पुन्हा एकटीनं, हे सगळं त्या दोन महिन्यांवर येऊन ठेपलं होतं.

आणि इथं पाहावं तर काम नाही. पाहुणे गुरुवारी-शुक्रवारी यायचे, दुबई-अबुधाबीत नोकऱ्या करणारे फिनलंडचे गोरे लोक. बाहेर अंडं उकडेल असं ऊन, आणि ही माणसं लाकडाच्या बंद खोलीत तापलेल्या दगडांवर पाणी मारून हौसेनं घाम गाळायची. त्याला सॉना म्हणतात. मग समुद्रात उड्या मारायच्या, आणि मग काळा, आंबट पाव लोणी लावून खायचा. बाकीचे दिवस खोल्या रिकाम्या. बिलकीस धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायची, पुसलेल्या काचा पुन्हा पुसायची. घरी पहाटेपासून उभी राबणारी बाई ती, बसून राहिलं की तिच्या पायांत मुंग्या यायच्या. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी तिची गत झाली होती. आणि त्या दिवशी किचनच्या कोपऱ्यात, फडक्याखाली झाकलेली ती बरबटलेली काठवट तिच्या नजरेला पडली.

अजीज आला तो मासळीची पिशवी घेऊन ओट्याशीच थबकला.

“ही कोनी धुतली?”

“मी. बघा तरी कशी निघालीय. अवो, कुक म्हनून गावात मिरवता नि भांडी असली ठेवता? मना तर शरम वाटली.”

अजीजनं पिशवी खाली ठेवली आणि तोही पायरीवर बसला. “ती धुवायची नसते गो.”

“भांडं धुवायचं नसतं? कुठल्या मुलखात?”

“त्यांच्या मुलखात. त्या थरातच तर खमीर असतं. राय म्हनून त्यांचं धान्य असतं, त्याचं पीठ नि पानी घातलं की त्यातनं उठतं. दह्याला विरजन असतं ना, तसं. ती मॅडमच्या आईची काठवट. रशियाच्या लढाईत घरदार टाकून पळाले, तवा म्हातारीनं बर्फातनं गाडीवर घालून आनलेली. दागिने ऱ्हायले, ही आनली. मी इतकी वर्सं पाव भाजतोय, पन ओला फडका लावला नाय कधी.”

बिलकीसच्या तोंडचं पाणी पळालं. “मना कोनी सांगितलं नाय.”

“मीच नाय सांगितलं. मना काय म्हायत तू किचनात शिरशील.” त्यानं काठवट सुलटी करून आत बोट फिरवलं. कुठं काही राहिलंय का ते पाहिलं. बिलकीसनं केलेलं काम कधी अर्धवट नसायचं. “ऐक. मी धुतली असं सांगतो. मुन्सिपाल्टीवाले तपासायला येनार होते, म्हनून. तू मधी पडू नको. तुझ्या व्हिसाचा सवाल हाय.”

दुपारी मॅडमची जीप आली. उंच, हाडापेराची बाई, पांढरे केस कानापाशी कापलेले. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, पण ती इथंच राहिली होती. बोलायची बेतानं. दोन वाक्यांमध्ये मासा गळाला लागेल एवढा वेळ जायचा.

तिनं काठवट पाहिली. “अजीज. हू वॉश्ड?”

“मी, मॅडम. म्युनिसिपालिटी इन्स्पेक्शन, मॅडम. सॉरी, मॅडम.”

“यू?”

“येस, मॅडम.”

मॅडम नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. फ्रीजच्या आडून बिलकीस बघत होती. इंग्रजी तिला कळत नव्हतं, पण मान खाली घातलेला माणूस कुठल्याही भाषेत कळतो. हर्णैच्या रस्त्यानं हा चालला की दुकानदार हाक मारून बसवून घेत. तो इथं गृहपाठ न केलेल्या पोरासारखा उभा होता, आणि तोही तिच्यापायी. तिला ते बघवेना. ती पुढं झाली.

“मैं. मैंने धोया.” टीव्हीवर ऐकून ऐकून जमलेली हिंदी. “ये झूठ बोलता है. मेरे लिये.”

अजीजनं डोळे मिटून घेतले. मॅडमनं बिलकीसकडे पाहिलं, तिच्या उकळत्या पाण्यानं लालभडक झालेल्या हातांकडे पाहिलं. मग तिनं काठवट उचलली, आत तोंड घालून वास घेतला. साबणाचाच येणार होता. तिनं ती हळूच जागेवर ठेवली, “ओके” म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आरडाओरडा केला असता तर बिलकीसला सोपं गेलं असतं.

“खलास,” अजीज म्हणाला. “काठवट गेली ती गेली, वर मी खोटा पडलो.”

“मग काय बघत ऱ्हानार होते मी?”

तो भांडी लावायला वळला. पण रात्री जेवताना त्यानं आपल्या ताटातली माशाची मधली तुकडी तिच्या ताटात ठेवली.

त्या गुरुवारी पाहुण्यांना बाजारचा पाव मिळाला. शनिवारी सकाळी मॅडमनं अजीजकडे बिलकीसचा पासपोर्ट मागितला आणि तो घेऊन ती व्हिसाचे कागद करणाऱ्या स्पॉन्सरच्या ऑफिसला गेली.

“कशाला ते इचारलं नाय?” बिलकीसनं विचारलं.

“कुठल्या तोंडानं इचारू? ठेवायला पन पासपोर्ट लागतो, नि परत धाडायला पन.”

त्यानंतरचे दिवस बिलकीसनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. बॅग भरायची, आणि भरल्यामुळं खरंच जावं लागेल म्हणून पुन्हा उपसायची. भर उन्हात वाळूवर जायची, पाय भाजले की परत फिरायची. नमाजाला बसली तरी कान जीपच्या आवाजाकडे. अजीज ‘इन्शाल्ला, इन्शाल्ला’ म्हणायचा आणि कांदा कापताना बोट कापून घ्यायचा.

मग एका सकाळी मॅडमनं तिला किचनमध्ये हाक मारली. पुढ्यात काठवट आणि नाचणीच्या पिठासारखं काळपट पीठ. मॅडमनं पीठ घातलं, कोमट पाणी घातलं, आणि पळी बिलकीसच्या हातात दिली. बिलकीस ढवळू लागली. हे काम तिला अगदीच परकं नव्हतं. तिच्याकडे सांदणांचं पीठ असंच आंबवतात, आणि त्याचीही अशीच वाट बघावी लागते. रोज सकाळी दोघी फडकं उचलायच्या. मॅडम वास घ्यायची, मान हलवायची, मूठभर पीठ आणखी टाकायची. बिलकीसही वास घ्यायची आणि फडकं पुन्हा नीट झाकायची. हे पीठ उठलं तर आपण राहिलो, नाही तर गेलो, असं तिनं मनाशी धरून टाकलं होतं. मॅडमनं तसं काही म्हटलं नव्हतं. पण माणूस धास्तावला की शकुन आपले आपणच ठरवतो.

एके दिवशी बुडबुडे आले. दुसऱ्या दिवशी पीठ काठापर्यंत चढलं. “यल्ला,” चला, असं मॅडम अरबीत म्हणाली आणि अजीजनं भट्टी पेटवली.

गुरुवारी टेबल भरलं. अबुधाबीहून आलेल्या एका लठ्ठ इंजिनियरनं पहिला तुकडा तोंडात घालून डोळे मिटले आणि मॅडमकडे बघून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. अजीजला इतक्या वर्षांत चार शब्द कळू लागले होते.

“बोलतो, अगदी तसाच झालाय. पयल्यासारखा,” तो बिलकीसच्या कानाशी म्हणाला.

बिलकीसच्या छातीवरचा धोंडा उतरला. जेवून पाहुणे समुद्रावर गेले, तेव्हा ती बशा उचलायला बाहेर आली. मॅडम एकटीच बसली होती. तिच्या बशीत पावाचा काप होता, एकच घास घेतलेला. बिलकीस दाराशीच थांबली. मॅडमनं आणखी एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि खूप वेळ चावत राहिली, विसरलेलं नाव आठवताना माणूस थांबतो तशी. मग उरलेला काप तिनं बशीत ठेवला आणि वर कागदी रुमाल पसरला.

तेवढ्यात तिला बिलकीस दिसली. “अच्छा है,” ती म्हणाली. “बहोत अच्छा, बिलकीस.”

बिलकीसनं वीस वर्षं लोकांना वाढलं होतं. घास कुणी कसा खाली ठेवला यावरून तिला कळायचं. या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणालाही फरक लागणार नव्हता. मॅडमला मात्र दर गुरुवारी लागणार होता, आणि दर गुरुवारी ती ‘अच्छा है’ म्हणणार होती.

ती तशीच किचनमध्ये परतली. थोड्या वेळानं मागच्या दारानं अजीज आत आला. चेहरा फुललेला, हातात पासपोर्ट.

“स्पॉन्सरचा मानूस आता देऊन गेला. तीन वर्सांचा शिक्का. अगो, मॅडमनं कवाच अर्ज दिलेला, पासपोर्ट मागितला त्याच दिशी. पावाची वाट कोन बघतंय! मी तसाच जाऊन इचारलं, मॅडम, एवढं नुकसान झालं तरी? तर काय बोलली ठाव हाय? शी क्लीन्स वेल.” तो हसत सुटला. “तू चांगलं साफ करतेस, बोलली.”

बिलकीसनं पदरात तोंड लपवलं. तिला रडू आवरेना.

“रडतेस कशाला गो येडे? आता तरी हास. आता कुठं जायाचं नाय तुना.” त्याला वाटलं, ती आनंदानं रडतेय. आनंद होताच, नाही असं नाही, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. पण हे त्याला कसं सांगायचं ते तिला सुचलं नाही.

बाहेर काचेचा आवाज झाला. मॅडम स्वतःच टेबल आवरायला लागली होती. बिलकीसनं डोळे पुसले आणि लगबगीनं जाऊन तिच्यापुढं हात केले. मॅडमनं एकेक करून सगळ्या बशा तिच्या हातात दिल्या. रुमालानं झाकलेली तेवढी दिली नाही.