वाढत्या अंगाचं कोपर

पाच वर्षांच्या चिमणीने पेपरच्या गुंडाळीने उडती माशी टिपली, तेव्हाच तिच्या वडिलांनी ताडलं: पोरगी बॅडमिंटनची. वडील शिंपी, गावभर ‘मास्तर’. मापात कधी चुकत नाहीत अशी ख्याती. मग काय, पोहणं बंद, सायकल बंद, दोरीच्या उड्या तर पापच. रोज चार तास रॅकेट.

दहाव्या वर्षी चिमणीचं उजवं कोपर सुजलं. एक्स-रे पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाड कोवळं आहे, अजून वाढतंय. त्याच जागी रोज मार बसलाय. तीन महिने खेळ बंद, नाहीतर हात कधीच पुरता सरळ व्हायचा नाही."

"म्हणजे उजव्या हाताने बंद ना?"

"हो," लिहिता लिहिता बाई म्हणाल्या. तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवसापासून डावा हात सुरू. सहा आठवड्यांत तेही कोपर सुजलं. दोन्ही हात झोळीत घेऊन चिमणी पुन्हा दवाखान्यात. या वेळी बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मास्तर, माझ्या मुलाची पँट शिवलीत, तिला आत चार बोटं दुमड का ठेवलीत?"

"वाढत्या अंगाचं पोर, बाई. नेमकं मापात कापलं तर सहा महिन्यांत घोट्यावर येईल."

"आणि स्वतःच्या पोरीला बोटभरही जागा नाही?"

गिऱ्हाइकापुढे कधी न हरलेले मास्तर आपल्याच बाहीची शिवण तपासत बसले.

"आता पायात रॅकेट धरायला शिकवू नका म्हणजे मिळवलं," बाहेर येताच बायको म्हणाली.

"छे, काहीतरीच!" मास्तर म्हणाले. विचार मनात येऊन गेला होता.

आठवडाभराने गल्लीत लपंडाव रंगला होता. चिमणीवर राज्य आलं की तिचे डोळे मैत्रीण झाकायची. तिचे हात झोळीत ना! लपायची वेळ आली की मात्र ती अशी सुसाट सुटायची की दारातले मास्तर टाचा उंचावून बघत राहायचे. काय पाय आहेत पोरीचे!

चिमणी मध्येच थांबली. "बाबा, तुम्ही सेकंद मोजताय?"

"नाही गं!"

"ओठ हलतायत. मी नाही खेळत जा. तुम्ही बघितलं की त्याचा क्लास होतो."

ती फतकल मारून बसली. मास्तरांचा चेहरा पडला. मग त्यांनी वळून भिंतीकडे तोंड केलं.

"असं होय?" चिमणी टुणकन उठली. "मग आता तुमच्यावर राज्य! शंभरपर्यंत मोजा. डोळे घट्ट!"

पोरं पांगली. मास्तर इमानदारीत मोजू लागले, आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच आपली पोरगी किती वेगाने पळाली, हे त्यांना कळलं नाही.