अण्णाजींची फोडणीची पळी

काळी आहे म्हणून माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी फोडणीची एक जुनी लोखंडी पळी आहे, आणि माझा हा काळा रंग मी कमावलेला आहे.

केळझरच्या वाटेवर एका लोहाराच्या भट्टीत माझा जन्म झाला. देश स्वतंत्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. गणपतीच्या दर्शनाला निघालेले अण्णाजी मला पाहून थांबले. त्यांनी मला हातात तोललं आणि नारळाच्या पिशवीत घालून आधी देवापुढे नेलं, मग घरी.

अण्णाजी पुलगावला गिरणीत कारकून होते. आठवडाभर आकडेमोड आणि रविवारी गोळाभात! भरड डाळीचे तिखट गोळे ते भातावर वाफवत. पंगत बसली की माझ्यात हिंग-मोहरीची कढत फोडणी घेऊन स्वतः पानापानाशी जात. चुर्र! त्या आवाजासरशी शेजारचे रूपराव आपलं ताट घेऊन हजर. आयतं जेवायचं आणि वर टोमणा मारायचा, "काऊन जी अण्णाजी, वहिनी बसल्या अन् तुम्ही वाढून राह्यले?"

"हप्ताभर तीच रांधते. एक दिवस मले मिरवू द्या ना," अण्णाजी म्हणत, आणि रुख्मिणीबाईंच्या भातावर जरा जास्तच फोडणी ओतत.

मागच्या हिवाळ्यात अण्णाजी गेले. मी खुंटीला टांगलेली राहिले. रविवार येत नि जात. मला कुणी हात लावीना.

मग अक्षय तृतीया आली. त्या दिवशी पितरांचं पान वाढतात, आणि अण्णाजींचं हे पहिलंच पान. त्यांची लेक नलू तान्ह्या बाळाला घेऊन नालवाडीहून आली. बाबांच्या पानावर गोळाभात हवा, आणि फोडणी अगदी त्यांच्या हातची वाटली पाहिजे, हा तिचा हट्ट. सणाची भांडी लख्ख हवीत म्हणून तिने पितळेबरोबर मलाही राख-चिंचेने घासलं. किती मायेने घासलं! मी चांदीसारखी चमकले, आणि मनातून घाबरले.

व्हायचं तेच झालं. मोहरी बुडाला चिकटली, तेल काळवंडलं, लोखंडाचा वास सुटला. नलूने मला चुलीवरून खाली उतरवलं.

"आई, बाबा गेले अन् त्यांची फोडणीबी गेली."

रुख्मिणीबाईंनी मला हातात घेतलं आणि कित्येक महिन्यांनी त्या हसल्या. "गेली नाई, पोरी. तू तिचा तेल पिऊन झालेला काळा रंग घासून टाकला, त्यानंच मोहरी चिकटत नाई. नवी नवरी होऊन आली तवा म्याबी त्यांच्या हिच्याआधीच्या पळीले असंच घासलं होतं. तुहे बाबा दिवसभर माह्याशी बोलले नाई."

त्यांनी मला निखाऱ्यावर कोरडीच तापवलं, तेलाचा बोळा फिरवला, पुन्हा तापवलं, पुन्हा फिरवला. मी हळूहळू सावळी झाले. मग तेल, मोहरी, हिंग. चुर्र!

आणि अंगणात रूपराव, हातात ताट! सवयीने पाय आले होते. उंबऱ्याशी त्यांना अण्णाजी नाहीत हे आठवलं, तसे ते मागे वळले.

"जाता कुठं, काका?" नलू म्हणाली. "आधी बाबांचं पान, मग तुमचं. बसा."

त्या दिवशी मला हातात घेऊन पानापानाशी नलू गेली.

मित्रांनो, घरची भांडी जरूर लख्ख ठेवा. पण माझ्यासारखी काळी पळी दिसली, तर तिला फक्त पुसा. माझ्यावर अण्णाजींचे रविवार आहेत, आणि आता रविवारी माहेरी येणाऱ्या नलूचेही जमू लागले आहेत.