आधी नंबर बघायचा

बाळासो चौगुल्यांनी उभ्या जन्मात कुणाला शाबासकी दिली नव्हती. साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. हाताखालच्या गड्यानं कितीही नामी काम करू दे, हे म्हणणार, "बरं, आता तेल लाव." पोरगा यशराज फर्स्ट क्लासनं पास झाला तेव्हाही, "मग काय, नापास व्हायचा होतास व्हय?" आणि सुनेचं, निशिगंधाचं, तर नावही त्यांच्या तोंडी नसायचं. भावकीत ती नुसती 'आमच्या यशराजची बायको'.

रंकाळा स्टँडजवळचं दाखले काढायचं दुकान मात्र हीच यशराजची बायको चालवायची. बाळासो दारातल्या खुर्चीत बसून रांग लावायचे आणि फुकटचे सल्ले वाटायचे.

त्या दिवशी नोव्हेंबरची तीस तारीख. पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला द्यायचा शेवटचा दिवस. अंगठ्याच्या यंत्रावर बोट टेकवायचं, माणूस जिवंत आहे हे सरकारला कळतं, काम एवढंच. पण सकाळी दुकान उघडलं तर यंत्र मुकं! संगणकानं आदल्या दिवशी आपलं आपणच अपडेट घेतलं होतं आणि त्या गडबडीत यंत्राचा ड्रायव्हर बिघडला होता. म्हणजे यंत्र काय बोलतंय ते संगणकाला समजावणारी फाईलच कामातून गेली होती.

रांगेत पहिल्या तानाबाई. गगनबावड्याकडून पहाटेच्या एसटीनं आलेल्या. मालक झेडपीच्या शाळेत शिपाई होते, ते गेल्यापासून त्या पेन्शनीवरच म्हातारीची चूल पेटत होती.

"लेकी, आज झालं न्हाय तर?" तानाबाईंनी विचारलं.

"पेन्शन अडकंल, मावशी. पण आज करूनच पाठवते तुम्हाला," निशिगंधा म्हणाली आणि म्हातारीला पाणी द्यायला उठली.

बाळासोंना एवढा दम कुठला निघतोय! त्यांनी तोवर भावकीच्या ग्रुपवर डंका पिटला होता आणि पुतण्या विजयसिंहाचं उत्तरही आलं होतं. 'काका, ही लिंक घ्या. एका क्लिकात सगळे ड्रायव्हर. मी कालच घेतलेत.' आता भावकीतनं आलेली वस्तू पारखून घ्यायची म्हणजे काय? लग्नातलं ताट आणि भावकीचा शब्द परत करत नसतात. बाळासो थेट सुनेच्या खुर्चीत बसले, आपल्या फोनवरची लिंक संगणकावर उघडली, भलंमोठं हिरवं बटण दिसलं, ते हाणलं. फाईल आली. 'ही फाईल चालवू का?' असं संगणक विचारायला लागला.

"मामंजी, हात काढा!"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. सून सासऱ्यावर ओरडली होती, तेही चारचौघांत. बाळासोंचा हात माऊसवरनं निघाला, पण कानशिलं तापली.

"विजूनं दिलीय ती! आपल्या रक्ताचा हाय त्यो!"

"रक्ताचे असू देत की. फाईल त्यांनी न्हाय बनवली." निशिगंधानं ती फाईल न उघडता पुसून टाकली आणि मग शांतपणे विचारलं, "मामंजी, त्या साईटनं तुम्हाला यंत्राचा नंबर इचारला?"

"न्हाय."

"कंपनी कुठली ते?"

"न्हाय की."

"मग कारखान्यात तुम्हाला एखाद्यानं नंबर न इचारता बेअरिंग दिलं असतं, तर घेतलं असतं?"

आयला! बाळासोंना आठवलं. असं बेअरिंग एकदा एका दुकानदारानं गळ्यात मारलं होतं, तेव्हा यांनीच ते त्याच्या गल्ल्यावर आपटून, "गाळप बंद पाडतोस व्हय रं?" म्हणून अख्खी पेठ गोळा केली होती. आणि आज स्वतःच्याच हातानं तेच करायला निघाले होते. त्या संगणकात शेकडो लोकांची कागदपत्रं होती. त्या फाईलीतनं चोर आत शिरला असता तर दाराला कुलूप लावून काय उपयोग होता?

ते खुर्चीतनं उठले. सून बसली.

तिनं यंत्र उलटं केलं. खाली बारीक अक्षरात नंबर होता. बाळासोंनी खिशातला चष्मा काढून तो मोठ्यानं वाचला. कुणी सांगितलं नव्हतं, पण वाचला. निशिगंधानं शोधायच्या पानावर सगळ्यात वर आलेल्या जाहिरातींकडे बघितलंही नाही. खोक्यात आलेल्या कागदावरचा कंपनीचा पत्ता तिनं एकेक अक्षर करून टाईप केला. तिथं तोच नंबर सापडला. फाईल उतरली, तरी लगेच चालवली नाही. आधी फाईलची माहिती उघडून तिच्यावर कंपनीचीच सही आहे ना ते तपासलं.

"आता आणि काय?" बाळासो म्हणाले, पण आवाजात धार नव्हती.

"बोल्ट बसवायच्या आधी त्याच्या आट्या बघत न्हाय व्हय तुम्ही?"

"बघतो की," बाळासो म्हणाले, आणि आपली सून आपल्याच जातीची फिटर निघाली हे त्यांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. छाती उगाचच रुंद झाली.

संगणक बंद करून चालू केला. यंत्रात लाल उजेड लागला. तानाबाईंनी बोट टेकवलं. नाही. पुन्हा टेकवलं. नाही. भाताच्या रोपलावणीत जन्म गेलेली बोटं, रेघा पार झिजलेल्या. म्हातारीचा चेहरा पडला. निशिगंधानं तिचा हात स्वतःच्या हातात घेतला, ओल्या फडक्यानं पुसला, कोरडा केला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा हलकेच दाबून धरला.

हिरवी खूण आली.

"मी हाय म्हणे!" तानाबाई रांगेकडे वळून ओरडल्या. "अजून हाय मी!" सगळी रांग हसली, आणि म्हातारीनं निशिगंधाच्या गालावरनं बोटं फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली.

सांजेपर्यंत एकसष्ट दाखले झाले. शटर ओढायच्या वेळी बाळासोंचा फोन वाजला. विजयसिंह होता, रडकुंडीला आलेला. त्याच्या संगणकावर जाहिरातींचा पूर आला होता आणि एकही फाईल उघडत नव्हती.

"काका, कोण जाणकार माणूस हाय का वळखीचा?"

बाळासोंनी फोन स्पीकरवर टाकला. भिंतीपलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू जावं असा आवाज काढला.

"माणूस कशाला? माझी सून हाय की, निशिगंधा! पयला त्यो संगणक नेटवरनं काढ आणि उद्या हिकडं घेऊन ये. भावकीतला हाईस म्हणून मधी घुसायचं न्हाय, रांगेत बसायचं. ग्रुपवर बी टाक, निशिगंधाला इचारल्याबिगर कुणी काय बी उघडायचं न्हाय!"

निशिगंधा यंत्र पुसत होती. तिचा हात थांबला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती.

फोन ठेवून बाळासो उगाच घसा खाकरत उभे राहिले.

"काय मामंजी? आता तेल लावू?" तिनं खाली बघतच विचारलं.

"नगं," बाळासो म्हणाले. "झकास झालंय."