खुर्चीला हात लावू नका

लिफ्ट कंपनीतली माझी पहिली मुलाखत आमच्या ह्यांनी दिली. मी होते तिथेच, व्हीलचेअरवर, कडक इस्त्रीचे कपडे घालून. पण साहेबांनी ह्यांच्याकडे बघून विचारलं, "यांचं शिक्षण काय?" आणि ह्यांनी खडाखडा सांगितलं. अनुभव सांगितला. "तिला राग पटकन येतो," हेही सांगून टाकलं, कोणी विचारलेलं नसताना. काम होतं लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांचे फोन घेण्याचं. साहेबांना हे इतके पसंत पडले की निघताना ह्यांनाच म्हणाले, तुम्हीच का येत नाही?

घरी आल्यावर मी अबोला धरला. ह्यांच्या ते लक्षातच आलं नाही, कारण माझ्या वाटचंही तेच बोलत होते.

दोष एकट्या ह्यांचा नाही म्हणा. माझे पाय गेले तेव्हापासून वेटर, दुकानदार, डॉक्टर, झाडून सगळे माझ्याबद्दल ह्यांना विचारतात. "ताईंना साखर चालते का?" अरे, ताई समोर बसलीय, डोळे फुटले का तुझे? पण मी तोंड उघडेपर्यंत हे "अर्धा चमचा" म्हणून मोकळे. आणि ह्यांना घरी ठेवून जायची सोय नव्हती. गाडी मीच चालवते, ब्रेकसुद्धा हाताशी बसवून घेतलाय. पण मी सीटवर सरकले की खुर्चीची घडी घालून ती डिकीत टाकणार कोण? हेच.

म्हणून ही नवी खुर्ची घेतली. मी सीटवर सरकले की मोबाइलवर एक बटण दाबायचं. खुर्ची आपली आपण गाडीला वळसा घालते, मागचं दार उघडतं, फळी खाली येते आणि बाईसाहेब वर चढून बसतात. उतरतानाही तसंच, स्वतः उतरून थेट माझ्या दाराशी हजर. विकणाऱ्याने एकच गोष्ट बजावली होती. ती चढत-उतरत असताना तिला हात लावायचा नाही.

कंपनीने दुसऱ्यांदा बोलावलं. आता मोठे साहेब भेटणार होते. या वेळी एकटीने जायचं, नोकरी मिळाली तर स्वतःच्या तोंडाने, नाहीतर गेली खड्ड्यात, असं मी ठरवलं होतं. सकाळी बघते तर हे बूट घालून तयार.

"अहो, खुर्ची स्वतः चढते आता."

"चढते गं. पण लक्ष ठेवायला कोणी नको?"

वाटभर हे मला उत्तरं पढवत होते. कंपनीच्या आवारात गाडी लावली, बटण दाबलं. उतरताना खुर्ची फळीच्या टोकाशी क्षणभर थांबते, खालची जमीन चाचपते. ह्यांना वाटलं, अडकली. मी "हात लावू नका" म्हणेपर्यंत ह्यांनी ती दोन्ही हातांनी उचललीसुद्धा. बॅटरीसकट ती कपाटाएवढी जड. कमरेत कळ आली आणि हे वाकले ते वाकलेच. खुर्चीने मात्र त्यांना सावकाश वळसा घातला आणि माझ्या दाराशी येऊन उभी राहिली.

खोटं कशाला बोलू, बसावं आणि सरळ निघून जावं असं मनात आलं होतं. पण नवरा काटकोनात उभा. वेळ थोडा हाताशी होता, आणि आवाराच्या पलीकडेच दवाखाना होता.

"बसा," मी म्हटलं.

"मी? यात?"

"मग रांगत जा."

वॉचमन धावत आला. त्याने ह्यांना खुर्चीत बसवलं, मी मोबाइलवरून खुर्ची दवाखान्याकडे सोडली, वॉचमन बरोबर गेला. खुर्ची नाही म्हटल्यावर मी गाडीत अडकून पडले. घड्याळ बघत शिव्या घालत बसले, खुर्चीला, ह्यांच्या कमरेला आणि ह्यांच्या उत्साहाला.

हे परत आले ते कमरेला पट्टा बांधून आणि तोंड पाडून. वॉचमनने त्यांना माझ्या शेजारच्या सीटवर टेकवलं आणि तो गेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काउंटरवरच्या मुलीने वॉचमनला विचारलं, यांना काय होतंय."

"मग?"

"तो म्हणाला, बसताना कण्हत होते, मूळव्याध दिसतेय."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले.

"हसू नकोस. मी कानीकपाळी ओरडतोय, कंबर, अगं कंबर. तर ती त्यालाच म्हणते, नेहमी अशी चिडचिड करतात का? आणि तो गाढव म्हणतो, हो." ह्यांनी कमरेचा पट्टा चाचपला. "मी समोर बसलो होतो गं. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही."

माझं हसू आटलं. "माझं रोज असंच असतं."

"मीही असंच करतो?"

"तुम्ही सगळ्यात जास्त."

बोलताना मला वाईट वाटलं, पण मी ते परत घेतलं नाही. ह्यांनी घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, "जा, उशीर होईल." खुर्ची वळसा घालून माझ्या दाराशी आली. मी तिच्यात सरकायला लागले तसे ह्यांचे हात सवयीने पुढे आले. मग त्यांनी ते स्वतःच्याच मांड्यांखाली दाबून ठेवले.

वर दोन्ही साहेब बसले होते. दार उघडलं तसे दोघांनी माझ्या मागे बघितलं.

"मिस्टर?" जुन्या साहेबांनी विचारलं.

"गाडीत आहेत."

"येईपर्यंत थांबू या का?"

"ते येणार नाहीत."

जुने साहेब कागद चाळायला लागले. मोठ्या साहेबांनी घसा साफ केला, आणि दुसरं कोणी नव्हतंच म्हणून अखेर माझ्याकडे बघितलं.

"लिफ्टमध्ये अडकलेला माणूस घाबरून तुम्हाला वाट्टेल ते बोलायला लागला, तर काय कराल?"

मी तोंड उघडलं आणि थांबले, कोणीतरी मध्ये बोलेल म्हणून. कोणीच बोललं नाही. मग मी बोलायला लागले.