आधी सांगायचं असतं

ऑफ द रेकॉर्ड हे आधी म्हणायचं असतं, बोलून झाल्यावर नाही. समोरच्यानं हो म्हटलं तरच ते लागू. आमच्या बातमीदारीत हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. केरूला माहीत नव्हतं, त्यात माझा काय दोष?

केरू हरसूलकडच्या डोंगरातला. तो आणि त्याची बायको पूजा नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला. तिथं बारकू नावाच्या कामगाराची बोटं पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनखाली गेली आणि मी केरूला चहाच्या टपरीवर गाठलं. त्यानं सगळं सांगितलं. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर सुपरवायझर बंद करून ठेवतो, माल भराभर निघावा म्हणून. चहा संपल्यावर म्हणाला, "साहेब, हे ऑफ द रेकॉर्ड बरं का." टीव्हीवर ऐकलेला शब्द. त्यांच्याकडे रीतच तशी. आधी मन मोकळं करायचं, मग म्हणायचं, हे चुलीपाशीच राहू द्या. ऐकणारा मरेपर्यंत तोंड उघडत नाही.

मी नावानिशी छापलं, फोटोसकट. दुसऱ्या दिवशी केरूला गेटवरूनच परत पाठवलं. ऑफिसात माझी पाठ थोपटली गेली.

तो इंदिरानगरला माझ्या घरी आला. भांडेल असं वाटलं, म्हणून मी दारातच त्याला नियम समजावला. त्यानं निमूट ऐकून घेतलं.

"मंग आता आधी सांगतो. ऑफ द रेकॉर्ड. हो म्हणा."

मी हसत हो म्हणालो.

"पूजाला बारकूच्या मशीनवर घातलंय. तपासणीवाले आले तवा सेन्सर चालू व्हता, गेले की बंद. छापू नका, तिचं बी काम जाईल. आता घर तिच्यावरच हाय. नुसतं कुण्या मोठ्या साहेबाच्या कानावर घाला."

ऑफ द रेकॉर्ड म्हणजे कुणालाच सांगायचं नसतं, असं मी त्याला सुनावलं आणि दार लावलं. एक फोन, नाव न घेता, मला करता आला असता. पण खरं सांगतो, छापता न येणाऱ्या गोष्टीत मला रस नव्हता. शिवाय या डोंगरातल्या माणसानं मला माझ्याच नियमात अडकवलं, याचा राग होता.

तीन आठवड्यांनी पूजाचा उजवा हात मनगटापासून गेला.

मी वही घेऊन हॉस्पिटलात पोचलो. केरू वॉर्डाबाहेर तिच्या चपला घेऊन बसला होता.

"मागं नको म्हणलं तर छापलं," तो म्हणाला. "या टायमाला सांगा म्हणलं तर गप ऱ्हायले."

"या वेळी तू आधी सांगितलं होतंस ना," मी म्हणालो आणि मला माझीच किळस आली.

केरूनं तिच्या चपला शेजारी नीट जुळवून ठेवल्या. मग मान डोलावली.

"बरोबर हाय साहेब," तो म्हणाला. "माझंच चुकलं."