हत्तीवरून आलेला मृग

मित्रांनो, या घरच्या तुळशीरामला लाज म्हणून नाही. ज्या हाताने मला सारवायचं, त्याच हाताने त्याने माझं तोंड फोडलं.

मी एक जुनी कणगी आहे. सातपुड्याच्या बांबूची, जळगाव जामोदच्या बुरडाने विणलेली. खायचं धान्य मी पोटात घेत नाही. माझ्यात फक्त पुढच्या पेरणीची ज्वारी, राखेत घोळलेली. तुळशीरामची आई कौशल्याबाई सोडून चाळीस वर्षं माझं झाकण कोणी उघडलं नाही. ती पाहुण्यांना म्हणे, "सोनं दाखवीन, कणगी नाही दाखवणार." मी फुगत असे.

गेल्या पौषात मोठमोठ्या देशांनी एकमेकांवर अणुबॉम्ब टाकले. टाकणाऱ्यांच्या घरी कणगी नसेलच. आमच्या गावावर काहीच पडलं नाही. पण जळालेल्या शहरांचा धूर आभाळात चढला तो उतरलाच नाही. भर दुपारी सावली पडेना. गहू दाणा न भरताच गेला. वैशाखात माणसं गोधड्या पांघरून बसली. चारा संपला, गुरं मेली. मग मला सारवायला शेण कुठलं? अंगभर भेगा पडल्या.

जूनमध्ये तुळशीराम कॅलेंडरपुढे उभा राहिला. "माय, मृग लागला! वाहन हत्ती हाये. पाऊस जोरदार!"

"ते कॅलेंडर लढाईच्या आधी छापलं बे. मातीत हात घालून पाह्य, बर्फावानी हाये. बी सडते."

"मृग चुकवला तं लोकं हसतीन."

"हसाले लोकं राह्यले कुठी?"

ती पाण्याला गेली आणि त्याने मला फोडलं. सगळं बियाणं पेरून आला.

हत्ती आला नाही. पंधरा दिवस काजळी तेवढी पडली. कौशल्याबाईने शेतात जाऊन पेरणीचा तास उकरला, तर बोटांना काळा चिकट दाणा लागला. घरी येऊन तिने माझ्या भेगा काडीने कोरल्या. ओंजळभर ज्वारी निघाली.

मित्रांनो, मोठेपणी बॉम्बचं बटण तुमच्या हाती आलंच, तर आधी कोणाच्या तरी कणगीत डोकावून बघा.

तुळशीराम रडत म्हणाला, "माय, मनाली दोन दिवसांची अर्धपोटी हाये. नातीसाठी तरी शिजव."

कौशल्याबाईने दाणे माझ्या तळाशी ठेवले, झाकण लावलं आणि त्याच्याकडे वळली.

"पोरगी माह्या वाट्याचं खाईन. हे दाणे ऊन निघेपर्यंत इथंच राहतीन. अन् तू आजपासून या घरचा पेरणारा नाही. भूक लागली तं जाय, तुह्या हत्तीले माग."